सासूबाईंचे तीन हिवाळे आणि अकरा हजार पौंड

(पत्र पाच पानी होतं. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात देते.)

"ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही इंग्लंडात, मिडलंड्समध्ये राहतो. सासूबाई 76 वर्षांच्या आहेत. सासरे 2011 मध्ये गेले. 2019 पासून आई आमच्यापासून दहा मिनिटांवर हाउसिंग असोसिएशनच्या (परवडणाऱ्या भाड्याने घरं देणाऱ्या संस्थेच्या) छोट्या फ्लॅटमध्ये एकट्या राहतात. भाडं आठवड्याला 118 पौंड. त्यातले 96 हाउसिंग बेनिफिटमधून (कमी उत्पन्नाच्या माणसाला भाड्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीतून) येत होते, उरलेले त्या स्टेट पेन्शन आणि कारखान्याच्या लहानशा पेन्शनमधून भरत होत्या.

गेले तीन हिवाळे त्या गावी, कराडकडे, जाऊन राहिल्या. आधी 11 आठवडे, मग 13, मग 12. मधल्या खेपेला परतीचं तिकीट साडेतीन आठवड्यांचंच होतं, पण त्या तिथे असतानाच मामेसासरे वारले आणि त्या थांबल्या. बेनिफिटवाल्यांना कळवायचं असतं हे आमच्या डोक्यातच नव्हतं. हाउसिंग असोसिएशनच्या बाईंना मात्र दरवेळी सांगून जायच्या. या जानेवारीत गॅसच्या वार्षिक तपासणीचा माणूस दोनदा आला, दार बंद. तिथून सगळं सुरू झालं. हे बेनिफिट देणाऱ्या कौन्सिलने, म्हणजे इथल्या पालिकेने, पासपोर्ट मागितला, आईंनी स्वतः नेऊन दाखवला. फेब्रुवारीत पैसे बंद झाले, तेव्हापासून भाडं आम्ही भरतोय. आता पत्र आलंय: नोव्हेंबर 2022 मधल्या पहिल्या प्रवासापासूनचे सगळेच्या सगळे 119 आठवड्यांचे 11,424 पौंड परत करा.

आणखी एक. गावच्या सातबाऱ्यावर आईंचं नाव आहे, त्यांच्या हिश्श्याचे आठेक लाख येतील असं म्हणतात. शिवाय सहकारी बँकेत चार लाखांची ठेव. इथे खात्यात 1,900 पौंड. बेनिफिटचा फॉर्म यांनी भरला होता, परदेशातल्या मालमत्तेपुढे 'नाही' लिहून. वडिलोपार्जित जमीन ही काय मालमत्ता, असं यांचं म्हणणं. गावी शेती बघणारे धाकटे दीर म्हणतात, ताबडतोब हक्कसोडपत्र करून टाका, विषय संपेल. हे म्हणतात, अब्जावधी खाणारे मोकळे फिरतात, आपल्या शंभर पौंडांनी सरकारचं काय जातंय, गप्प बसू आणि हप्त्याने भरून टाकू. आईंचं जेवण कमी झालंय. परवा मला म्हणाल्या, 'म्हणजे मी चोर का गं?' मला उत्तर देता आलं नाही. – एक सून"

नमस्कार.

तुमचं पत्र मेच्या पहिल्या आठवड्यात आलं. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला दोन ओळींची ई-मेल टाकली होती. ती इथे पुन्हा लिहिते, कारण हे वाचणाऱ्या आणखी कुणाच्या घरी हेच चाललेलं असेल. आईंच्या नावाने हाउसिंग बेनिफिटचा नवा अर्ज आजच्या आज करा. जुना हिशेब मिटेपर्यंत थांबू नका. त्या एकट्या राहतात, वय झालेलं, उत्पन्न कमी. पुढच्या भाड्याचा त्यांचा हक्क कुठेही गेलेला नाही, गेला आहे तो जुना अर्ज. पेन्शनच्या वयाच्या माणसाला नव्या अर्जाचे पैसे मागच्या तीन महिन्यांपर्यंत मिळू शकतात, त्याच्या मागचे नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यात पैसे थांबले आणि आता मे चालू आहे, म्हणजे मेच्या मध्यानंतर जाणारा प्रत्येक आठवडा तुमच्या खिशातले 96 पौंड घेऊन जाईल. लोक घाबरले की मागचं निस्तरत बसतात आणि पुढचं सांडतं. कौन्सिलच्या बेनिफिट खात्यात मी 24 वर्षं काढली. असं सांडलेलं फार पाहिलंय.

आता तुमच्या पत्रातला नियम. 28 जुलै 2016 पासून हाउसिंग बेनिफिट घेणारा माणूस ग्रेट ब्रिटनबाहेर गेला तर चार आठवड्यांपर्यंतच पैसे चालू राहतात. त्याआधी 13 आठवडे चालायचे. आपल्याकडच्या पुष्कळ म्हाताऱ्यांच्या डोक्यात ते जुने 13 आठवडेच बसलेत, कारण देशातल्या देशात कुठे गेलं तर अजूनही तितकेच मिळतात. परदेशासाठी तो आकडा मेला. त्यातही एक मेख आहे. निघतानाच चार आठवड्यांहून जास्त राहायचा बेत असेल, तर पहिले चार आठवडेसुद्धा मिळत नाहीत, निघाल्या दिवशीच हक्क संपतो. त्यामुळे पहिला आणि तिसरा हिवाळा, 11 आणि 12 आठवडे, हे गेले. त्यावर भांडण्यात अर्थ नाही.

हाउसिंग असोसिएशनच्या बाईंना सांगितलं होतं, हे तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंत. ते आईंच्या मनाबद्दल बरंच सांगतं आणि पुढे मी त्यावर येणार आहे. पण नियमाच्या दृष्टीने घरमालकाला सांगणं म्हणजे कौन्सिलला सांगणं नव्हे. शेजारणीला सांगून रजा टाकल्यासारखं ते झालं.

मधला हिवाळा वेगळा. जाताना बेत साडेतीन आठवड्यांचा होता आणि तिकीट त्याची साक्ष देतं. तिथे असताना सख्खा भाऊ गेला. जवळचं माणूस गेलं आणि लगेच परतणं रास्त नसेल, तर चाराचे आठ आठवडे होऊ शकतात, आणि सख्खा भाऊ जवळच्या नातेवाइकांत मोडतो. म्हणून पहिल्या तिकिटाची प्रत, तारीख बदलल्याची पावती आणि ग्रामपंचायतीकडून मामांच्या मृत्यूचा दाखला मागवून घ्या. दाखल्याचं इंग्रजी भाषांतर जोडा. ते आठ आठवडे सुटले तर 768 पौंड कमी होतील.

पण खरी रक्कम तिथे नाहीच. ती आहे 119 या आकड्यात.

कौन्सिलने केलं ते असं: आई नोव्हेंबर 2022 मध्ये निघाल्या, त्या दिवशी हक्क संपला, अर्ज संपला. परत आल्यावर नवा अर्ज केला नाही, म्हणून पुढचं सगळंच चुकीचं. कागदावर ही साखळी जुळते. मात्र त्या 119 पैकी 83 आठवडे आई त्या फ्लॅटमध्येच राहत होत्या, भाडं भरत होत्या, खिडकीत कोथिंबीर लावत होत्या. वेळेवर कळवलं असतं तर त्या 83 आठवड्यांचे पैसे त्यांना मिळालेच असते. जादा दिलेल्या रकमेचा हिशेब करताना अशी मुळात मिळायलाच हवी होती ती रक्कम वजा करावी लागते. पेन्शनच्या वयाच्या माणसांच्या 2006 च्या नियमावलीत कलम 85 मध्ये ते आहे, कामाच्या वयाच्या लोकांच्या नियमावलीत 104 मध्ये. इंग्रजीत त्याला 'अंडरलाइंग एंटायटलमेंट' म्हणतात. पत्रात हेच दोन शब्द वापरा, कारण हे शब्द वाचल्यावर पलीकडचा माणूस खुर्चीत सरळ बसतो. 83 गुणिले 96 म्हणजे 7,968. ते वजा केले की उरतात 3,456. त्यातून मधल्या हिवाळ्याचे 768 गेले तर 2,688. (दरवर्षी भाडं आणि बेनिफिट थोडं बदलतं, तुमच्या पत्रातला 96 चा एकच दर धरून हा ढोबळ हिशेब केलाय.)

गप्प बसून हप्त्याने भरू म्हणणाऱ्या तुमच्या यजमानांना या दोन आकड्यांतलं अंतर दाखवा. अकरा हजार आणि सत्तावीसशे.

निर्णयाच्या पत्रावर जी तारीख आहे तिच्यापासून एक महिना मिळतो. तेवढ्यात कौन्सिलला लेखी कळवायचं की निर्णय पुन्हा तपासा, किंवा सरळ अपील करायचं. अपीलही कौन्सिलकडेच द्यायचं असतं, ते पुढे ट्रायब्यूनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, पाठवतात. त्याला फी नाही. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये (कामाच्या वयाच्या लोकांच्या बेनिफिटमध्ये) आधी फेरविचार मागावाच लागतो, इथे ती सक्ती नाही. महिना उलटला तर उशिराचं कारण देऊन 13 महिन्यांपर्यंत मागता येतं, पण मग ते ऐकून घेणं त्यांच्या मर्जीवर. तुमचे तीन आठवडे तर काळजीतच गेले. जवळच्या सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा एज यूके या सल्ला देणाऱ्या संस्थांमध्ये बेनिफिटचं काम जाणणारा माणूस असतो. फोन लागेपर्यंत चिकाटी धरा.

आता यजमानांच्या प्रश्नाकडे येते. सरकारचं काय जातंय? हा प्रश्न मला महाराष्ट्र मंडळाच्या जेवणाच्या रांगेतही विचारलेला आहे, श्रीखंड वाढून घेता घेता, आणि विचारणाऱ्याला उत्तर नको असतं. मी तरी देते.

हाउसिंग बेनिफिट कौन्सिल देते आणि लंडनचं सरकार तिला ते पैसे भरून देतं. बरोबर दिलेल्या प्रत्येक पौंडामागे पौंड परत येतो. घेणाऱ्याच्या चुकीने किंवा लबाडीने जादा गेलं, तर सरकार शंभरामागे फक्त 40 देतं. उरलेले 60 कौन्सिलने त्या माणसाकडून वसूल करायचे, नाहीतर स्वतःच्या तिजोरीतून सोसायचे. म्हणजे तुमच्या पत्रातल्या पैशाचा मोठा भाग कुठल्या अमूर्त सरकारचा नाही. तो त्याच कौन्सिलचा आहे, जी आईंच्या गल्लीतला कचरा उचलते, वाचनालय चालवते आणि गुडघे धरलेल्या बाईच्या घरी सकाळी आंघोळ घालायला माणूस पाठवते. कौन्सिलची स्वतःची चूक असेल तर हिशेब आणखी विचित्र. वर्षभरातल्या अशा चुका एकूण रकमेच्या 0.48 टक्क्यांच्या आत राहिल्या तर सगळे पैसे मिळतात. त्या रेषेपासून 0.54 टक्क्यांपर्यंत 40 टक्के. त्याच्या पुढे गेलात तर शून्य. एवढ्याशा फटीवर लाखो पौंड लटकलेले असतात. ऑडिटर नमुन्याला काही फायली उचलायचे. एका फायलीत एखादीचं पेन्शन दीड पौंडाने चुकलेलं सापडलं की ते प्रमाण त्या गटातल्या सगळ्या रकमेला लावायचे. दीड पौंडाचे बघता बघता हजारो व्हायचे आणि आमच्या साहेबांचा चेहरा उतरायचा. चूक नक्की कुणाच्या खात्यात घालायची, पैसे घेणाऱ्यांच्या की आमच्या, यावर ऑफिसात किती वेळ जायचा ते सांगून तुमचा विश्वास बसणार नाही.

देशभराचं बघायचं तर 2023-24 या वर्षात सगळ्या प्रकारच्या बेनिफिटांमध्ये मिळून अंदाजे 970 कोटी पौंड जादा गेले, एकूण खर्चाच्या 3.7 टक्के. यात हाउसिंग बेनिफिट हा एक तुकडा, सगळ्यात मोठा वाटा युनिव्हर्सल क्रेडिटचा. या 970 मधले 740 कोटी फसवणुकीत धरलेत, साधारण 160 कोटी घेणाऱ्यांच्या चुकांत आणि 80 कोटी खुद्द सरकारी चुकांत (आकडे ढोबळ केलेले आहेत, म्हणून बेरीज तंतोतंत जुळत नाही). चूक आणि लबाडी यांचं प्रमाण इतकं राहिलंय की देशाचे महालेखापरीक्षक 1988-89 पासून दरवर्षी बेनिफिट सांभाळणाऱ्या केंद्रीय खात्याच्या (डीडब्ल्यूपीच्या) हिशेबावर शेरा मारत आलेत. तेव्हा यजमानांचं 'काय जातंय' हे टिकत नाही. पण वर्तमानपत्रांची या आकड्यावरची आरडाओरडही जशीच्या तशी गिळू नका. हा नमुना तपासणीवरून काढलेला अंदाज आहे. 740 कोटी म्हणजे कोर्टात सिद्ध झालेल्या गुन्ह्यांची बेरीज नव्हे. त्याच वर्षी ज्यांना कमी पैसे मिळाले त्यांची बेरीज 110 कोटींच्या आसपास होती आणि ती बातमी कुठे ठळक छापून आल्याचं मला आठवत नाही.

'कर नाही त्याला डर कशाला' ही म्हण मी त्या नोकरीत असतानाच सोडली. संशयित हाउसिंग बेनिफिट अर्ज हुडकायला लंडनच्या खात्याने संगणकाला काम दिलं होतं. त्याने धोकादायक म्हणून बाजूला काढलेल्या अर्जांपैकी जवळपास दोनतृतीयांश अर्ज तीन वर्षांत बरोबर निघाले. दोन लाखांहून जास्त लोकांना विनाकारण चौकशीला सामोरं जावं लागलं आणि त्या उठाठेवीवर सुमारे 44 लाख पौंड खर्च झाले, असं जून 2024 मध्ये बाहेर आलं. चोर शोधण्याचाही खर्च जनतेच्याच खिशातून जातो. शिवाय दोन लाख घरांत त्या दिवशी स्वयंपाक झाला नसेल, त्याची नोंद कुठल्या रकान्यात करणार?

आता सातबारा.

यजमानांना सांगा, वडिलोपार्जित जमीन ही मालमत्ताच. 2011 नंतर वारसनोंद झाली, फेरफार मंजूर झाला, आईंचं नाव लागलं, तेव्हापासून तो हिस्सा त्यांचा. आपल्याकडे बायकांना वाटतं, नाव आहे पण जमीन मुलांचीच. इथला कायदा ते मानत नाही. पण तुम्ही सगळे ज्याला घाबरून बसलात त्याची किंमत काढून बघा. पौंडाला 112 रुपये धरले तर आठ लाखांचे झाले 7,143 पौंड. विक्रीच्या खर्चापोटी दहा टक्के वजा करतात, राहिले 6,429. ठेवीचे 3,571. इथले 1,900. बेरीज 11,900. पेन्शनच्या वयाच्या माणसाच्या पहिल्या 10,000 ला हात लावत नाहीत, आणि बंदी येते ती 16,000 च्या वर. मधल्या प्रत्येक 500 ला, किंवा त्याच्या तुकड्याला, आठवड्याचं एक पौंड उत्पन्न धरतात. म्हणजे आईंचे 4 पौंड. त्याचे 65 टक्के बेनिफिटमधून कमी होतात.

दोन पौंड साठ पेन्स.

आठवड्याला दोन पौंड साठ पेन्ससाठी पाच-साडेपाच वर्षं लपवालपवी चाललीय. सगळी वर्षं आजच्याच किमतीने मोजली तरी साडेसातशेच्या आसपास जातं, आणि आधी किमती कमी होत्या त्यामुळे तितकंही होणार नाही. आठ लाख हा आकडासुद्धा मला पारावरचा वाटतो. शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, तुकडेबंदी आहे, हिस्सा अविभक्त आहे, सहहिस्सेदार घरचेच. असा हिस्सा बाहेरचा माणूस कितीला घेईल? साताऱ्यातल्या सरकारमान्य मूल्यांकनकाराकडून या सगळ्या अडचणींसकट लेखी किंमत काढून घ्या. सातबारा, आठ-अ आणि फेरफाराचा उतारा सोबत.

हक्कसोडपत्र मात्र आत्ता मुळीच नको. बेनिफिट वाचवण्यासाठी मालमत्ता दुसऱ्याला देऊन टाकली असं दिसलं, तर ती अजून तुमचीच आहे असं धरून हिशेब करतात. कौन्सिलचं पत्र हातात पडल्यावर महिन्याभरात नोंदवलेलं हक्कसोडपत्र दुसरं काय दिसणार? आईंचा हिस्सा जाईल, बेनिफिट वाढणार नाही, आणि आज जी चूक म्हणता येते तिला उद्या हेतू चिकटेल. आगीतून फुफाट्यात. ते हक्कसोडपत्र कुणाच्या लाभात होणार आहे, हे मी इथे लिहीत नाही. घरात तुम्हाला ठाऊकच आहे.

ही जमीन-ठेवीची गोष्ट कौन्सिलने अजून विचारलेली नाही, मग आपणहून सांगायची का? सांगायची. नव्या अर्जात हा प्रश्न येणारच आहे आणि या वेळी खरं लिहिल्याशिवाय गत्यंतर नाही. एकदा नव्या अर्जात 'आहे' लिहिलं की जुन्या 'नाही'कडे नजर जाणार. म्हणून अर्ज आजच टाका, त्यात खरं लिहा, आणि मागच्या उत्तराचा खुलासा सल्लागाराशी बोलून, ठरवून, एकदाच द्या. तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं खरंही खोटं वाटतं. त्या खुलाशात तुमच्या यजमानांनी पुढे यायला हवं. फॉर्म मी भरला, प्रश्नाचा अर्थ मी असा लावला, आईला वाचून दाखवला नाही. सही आईंची आहे, त्यामुळे जबाबदारी त्यांच्यावर येते. मुलाने 'नाही' लिहायचं आणि आईने जेवण सोडायचं, हे मला आवडलेलं नाही. तुम्हालाही नसावं, नाहीतर ती ओळ तुम्ही पत्रात लिहिली नसती.

फसवणुकीची चौकशी आता कौन्सिल करत नाही. 2014 ते 2016 या काळात ते काम टप्प्याटप्प्याने केंद्राच्या खात्याकडे गेलं. तिथून 'इंटरव्ह्यू अंडर कॉशन' असे शब्द असलेलं पत्र आलं, तर ती साधी भेट नव्हे. ते बोलणं रेकॉर्ड होतं आणि कोर्टात पुरावा म्हणून येऊ शकतं. वकिलाशी बोलल्याशिवाय जाऊ नका, आईंना एकट्या पाठवू नका, आणि दुभाषी त्यांच्याकडून मागा. तुम्ही स्वतः दुभाषी होऊ नका. सुनेने सासूच्या तोंडचं 'मला काय माहीत बाई' हे इंग्रजीत कसं सांगायचं, यावर माणसाचं वर्षभराचं नशीब फिरलेलं मी बघितलंय. कोर्टाऐवजी दंड घ्या असंही सुचवतात. तो जादा रकमेच्या निम्मा असतो, कमीत कमी 350 आणि जास्तीत जास्त 5,000 पौंड. समोरच्या टेबलावर सही करू नका. केलीच तर 14 दिवसांत मागे घेता येते. आणि निम्मा म्हणजे कशाचा निम्मा? अकरा हजारांचा की सत्तावीसशेचा? म्हणून तो 119 चा आकडा आधी दुरुस्त करायचा.

तुमच्या पत्रावरून मला हे प्रकरण तिथवर जाईल असं वाटत नाही. पासपोर्ट स्वतः नेऊन दाखवणारी, दरवेळी घरमालकाला सांगून जाणारी बाई लपवत होती असं म्हणायला पलीकडच्याला बराच जोर लावावा लागेल. हे दोन्ही मुद्दे पत्रात लिहा. आईंनी कोणत्या बाईंना, साधारण केव्हा सांगितलं, तेही.

चोर का, हा प्रश्न उरतो. कायद्याच्या भाषेत उत्तर असं की जाणूनबुजून खोटं सांगणं हा गुन्हा, आणि न समजून राहून गेलेलं ही चूक. पैसे दोन्हींत परत द्यावे लागतात. जादा पैसे परत द्यायला सांगितले याचा अर्थ चोर ठरवलं असा नाही. एवढं एक वाक्य आईंना मराठीत कुणी सांगितलेलं दिसत नाही. आमच्याकडे एक म्हातारे गृहस्थ यायचे. ऑफिसच्या चुकीने त्यांना जास्त पैसे जात होते आणि त्यांनी ते दोनदा लिहून कळवलं होतं. दोन्ही पत्रं कुठल्यातरी ढिगात. पुढे चूक सापडली. नियम असा की चूक ऑफिसची असली आणि घेणाऱ्याला ती कळणं शक्य नव्हतं, तरच पैसे सोडून देतात. यांना तर कळलेलं होतं, त्यांनीच कळवलं होतं! म्हणून वसुली. ज्यांनी कधी कागद उघडूनही पाहिला नाही असे लोक सुटलेले मी पाहिलेत. त्या दिवशी त्यांच्यासमोरची खुर्ची माझी होती. मी नियम वाचून दाखवला. ते उठताना 'थँक यू' म्हणाले.

वसुलीची घाई करू नका. कर्ज काढून किंवा ठेव मोडून एकरकमी भरायचं तर मुळीच नाही, आधी आकडा ठरू दे. नंतर चालू बेनिफिटमधून दर आठवड्याला थोडं थोडं कापून घेतात. त्याला वरची मर्यादा असते, आणि औषधं, हीटिंग यांचा खर्च मांडून ती आणखी खाली आणायला सांगता येतं. कापलेले पैसे भाड्यात कमी पडतात, तेव्हा फरक भरत राहा, नाहीतर घरमालकाकडे थकबाकी साचते. कौन्सिल टॅक्सची सवलत मिळत असेल तर तिचंही असंच पत्र येईल, दचकू नका. स्टेट पेन्शनला मात्र या गावच्या फेऱ्यांनी धक्का लागत नाही.

आईंना पुढच्या हिवाळ्याचंही विचारायचं असेल, त्या तोंडाने विचारणार नाहीत. जाऊ दे त्यांना. सत्तावीस दिवसांचं तिकीट काढा, जायच्या आधी कौन्सिलला तारखांसकट लिहा आणि पोच जपून ठेवा. तीन महिने राहायचंच असेल तर निघायच्या दिवसापासून बेनिफिट बंद करायला सांगा, तेवढे आठवडे मुलांनी भाडं वाटून भरा, आणि आई परतल्या त्याच दिवशी नवा अर्ज टाका. गावच्या दिरांनाही त्या वाटणीत धरा. आणि गॅसतपासणीची तारीख त्या जाण्याआधीची मागून घ्या.